ऐंशी नंबरची पूड

सासऱ्यांनी दुर्बीण करायला घेतली तेव्हा घरात मी एकटीच सून होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. बोरिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, मागच्या बाजूला कान्हेरीच्या डोंगराकडे तोंड केलेली गॅलरी. सासऱ्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणायचो. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि दोन महिने नुसते घरात येरझारा घालत राहिले. मग कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की दुर्बिणीचा आरसा घरी घासून करता येतो.

त्यांनी जाड काचेच्या दोन चकत्या पैदा केल्या, पोळीएवढ्या. गॅलरीत एक लोखंडी पिंप आणलं, हलू नये म्हणून त्यात विटा भरल्या. एक चकती पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर पाणी आणि कार्बोरंडमची पूड टाकायची आणि दुसरी चकती वरून पुढे-मागे घासायची. घासता घासता पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत राहायचं. असं महिनोन् महिने केलं की वरची काच मधे हळूहळू खोलगट होत जाते. तोच पुढे आरसा होतो. पुडीचे नंबर असतात. ऐंशी नंबरची सगळ्यांत भरड, रव्यासारखी. मग एकशेवीस, दोनशेवीस, असं करत सहाशेपर्यंत, म्हणजे मैद्याहून मऊ. एक नंबर संपला की पिंप, काच, वाट्या, फडकी, हात, नखं, सगळं धुऊन काढायचं. कारण भरड पुडीचा एक दाणा जरी बारीक पुडीत राहिला तर काचेवर चरा पडतो आणि सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

धुण्याचं काम माझ्याकडे होतं. मुलगी दुपारच्या शाळेत गेली, नवरा आणि दीर ऑफिसात, की दोन ते चार आम्ही दोघंच. बाबा घासायचे, मी चमच्याने पाणी आणि पूड सोडायचे. त्यांना मोतीबिंदू पिकत आलेला, पूड झिजली की नाही ते दिसायचं नाही. पण आवाजावरून मला कळायचं. नवी पूड टाकली की खरखरते, मग आवाज मऊ पडत जातो, आणि एका क्षणी काच नुसती सरकते. तो क्षण मला बरोबर सापडायचा. मी म्हणायचे, "बाबा, झालं." ते थांबायचे आणि बोटाने चाचपून म्हणायचे, "सूनबाई, तुझ्या कानाला तोड नाही." मी अकरावी पास, तीही कोकणातल्या शाळेतून. माझ्या कुठल्याच गोष्टीला तोड नाही असं त्याआधी मला कुणी म्हटलेलं नव्हतं.

मधे थांबलो की ते आकाशातलं सांगायचे. ध्रुवबाळाची गोष्ट त्यांच्या फार आवडीची. बापाच्या मांडीवर जागा मिळाली नाही म्हणून रुसून निघालेलं पोर, आणि त्याला मिळालेली ती कधीच न हलणारी जागा. त्यांनी ती मला दहा वेळा तरी सांगितली असेल. मी दहाही वेळा नव्याने ऐकली.

दिराचं लग्न मार्गशीर्षात झालं. मुलगी फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली, अंधेरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी. संध्याकाळी वधूवरांना ध्रुव दाखवायला गुरुजींनी हॉलच्या गच्चीवर नेलं. आम्ही पाचसहाजण मागे होतो. गुरुजींनी ईशान्येकडच्या एका ठळक ताऱ्याकडे बोट केलं आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. नवरी मुंडावळ्या बाजूला सारून बघत होती. मंत्र संपेपर्यंत ती थांबली, मग अगदी हळू म्हणाली, "गुरुजी, तो ब्रह्महृदय. ध्रुव त्याच्या डावीकडे खाली आहे, तो मंद." तिने दोन्ही हात लांब केले, क्षितिजावर एकावर एक दोन मुठी धरून दाखवल्या आणि म्हणाली की मुंबईतून ध्रुव कधीही बघा, एवढ्याच उंचीवर असतो. गुरुजी भले होते. अरुंधती कुठे, असं त्यांनीच तिला विचारलं. ती म्हणाली, "सप्तर्षी आत्ता क्षितिजाखाली आहेत. अरुंधती पहाटे."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले आणि बाबांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून घातला होता आणि स्वतःच्या दोन मुठी क्षितिजावर धरल्या होत्या. परतताना टॅक्सीत ते दुसरं काही बोललेच नाहीत. दोन मुठी, दोन मुठी, एवढंच.

त्या टॅक्सीत मी मुलीवर उगाचच खेकसले. तेव्हा मला वाटलं, दिवसभर उपाशी आहे म्हणून.

ती घरात आली तसा पहिला बदल म्हणजे हाकेचा. बाबांनी "सूनबाई" म्हटलं की आम्ही दोघी वळून बघायचो. मग त्यांनी तोडगा काढला, मी मोठी आणि ती धाकटी. बाकी कुणाला त्यात काही वाटलं नसेल. मला मात्र माझी एक वस्तू विचारल्याशिवाय अर्धी कापून दिल्यासारखं वाटलं.

दुसरा बदल वेळेचा. ती साडेपाचला घरी यायची. बाबा दुपारी पिंपावरचं पोतं काढेनासे झाले. म्हणाले, दुपारी डोळा लागतो. संध्याकाळी ती आली, चहा झाला, की दोघं गॅलरीत. तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायचे, आणि मधल्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं.

ती सांगायची ते बाबांना पटायला वेळ लागायचा नाही, ह्याचं कारण मला फार उशिरा कळलं. ती त्यांच्याशी बॉयलरच्या भाषेत बोलत होती. तारा म्हणजे आधी नुसता वायूचा आणि धुळीचा ढग. तो स्वतःच्याच वजनाने आत दबत जातो, दबला की तापतो, आणि पुरेसा तापला की आतली भट्टी पेटते. मग वजन आत दाबत राहतं, आच बाहेर ढकलत राहते, आणि दोन्ही सारखं आहे तोवर तारा टिकतो. बाबा म्हणाले, "म्हणजे प्रेशर बरोबर आहे तोवर." ती म्हणाली, "अगदी तेच." आयुष्यभर ज्या कामाविषयी घरात कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, ते काम आकाशातही चालतं असं त्यांना सांगणारं कुणीतरी भेटलं होतं. त्यांनी विचारलं, इंधन संपल्यावर काय? ती म्हणाली, तारा फुगतो, तांबडा होतो. लहान असला तर पुढे आकसून पांढरा निखारा होऊन निवत जातो. फार मोठा असला तर फुटतो. आणि गंमत म्हणजे जो जितका मोठा तो तितका लवकर संपतो. बाबांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मी इतके महिने त्यांच्या समोर बसून ऐकलं, माझं एक वाक्य त्या वहीत नव्हतं.

एका संध्याकाळी तिने त्यांच्या ध्रुवालाच हात घातला. म्हणाली की पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून ध्रुवाची जागा कायम एकाच ताऱ्याकडे नसते. पिरॅमिड बांधले तेव्हा ठुबान नावाचा तारा तिथे होता. आणखी बाराएक हजार वर्षांनी अभिजित त्या जागेच्या जवळपास असेल. पोळी तव्यावर ठेवून मी कान दिला. मला खात्री होती, आता बाबा चिडतील. ती गोष्ट त्यांच्या आईने त्यांना सांगितलेली होती. पण ते हसले. म्हणाले, "म्हणजे मांडीवर पाळीपाळीने बसायचं असतं तर." तव्यावरची पोळी करपली.

एकदा मी धीर करून गच्चीवर त्यांच्याबरोबर गेले. डोंगराच्या वर मृग नक्षत्र आलेलं होतं. ती काक्षी दाखवत होती, तो तांबूस, म्हातारा झालेला तारा. कधीही फुटेल म्हणे, उद्या किंवा लाख वर्षांनी. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायलाच शेकडो वर्षं लागतात. मी विचारलं, "मग आज दिसतोय तो आहे का नाही, हे कसं कळणार?" प्रश्न चांगला होता, हे मला आजही वाटतं. पण बाबा वर बघत बघत म्हणाले, "तुला नाही कळायचं ते, मोठी. धाकटी सांगेल तुला सावकाश." त्यांच्या मनात काही नव्हतं. मी कानटोपी त्यांच्या हातात दिली आणि भात बघायला खाली आले.

त्यानंतर दुपारी मी तिच्या कपाटातली पुस्तकं काढून बघायला लागले. सगळी इंग्रजी. चित्रं बघायचे, आकृत्यांखालची अक्षरं लावायचे, आणि दोन ओळींत अडकले की मिटून ठेवायचे. ती पुस्तकं नेमकी होती तशी ठेवायची काळजी मी इतकी घ्यायचे की जणू चोरीच करत होते. तिने मला कधी काही कमी केलं नाही, हेही सांगायला हवं. ती भांडी घासायची, माझ्या मुलीचा अभ्यास घ्यायची, पगारातून माझ्यासाठी साडी आणायची. भांडायला तिने मला एक कारण दिलं असतं तर मी तिची ऋणी झाले असते.

फेब्रुवारीत काम सहाशे नंबरवर आलं. त्यानंतर फक्त पॉलिश राहणार होतं. मृग मावळायच्या आत दुर्बीण व्हावी, त्यातला तो ताऱ्यांच्या जन्माचा धुरकट ढग स्वतः घासलेल्या आरशातून बघावा, एवढीच बाबांची इच्छा होती. डोळ्यांचा काही भरवसा नव्हता. एका सकाळी ते तिला म्हणाले, "आज संध्याकाळी शेवटचे फेरे तू घे. माझा हात कापतो." ती आनंदाने कॉलेजला गेली.

दुपारी मी सगळं धुतलं. वाट्या, फडकी, पिंप. वाटीत सहाशेची पूड पाण्यात कालवून ठेवली. मग फडताळावरचा ऐंशी नंबरचा डबा खाली काढला, ओलं बोट त्यात टेकवलं, आणि बोटाला जेवढे दाणे चिकटले तेवढे त्या वाटीत ढवळले. डबा झाकण लावून वर ठेवला. हात पुन्हा धुतला. हे करताना मी काय विचार करत होते, ह्याचं मी पुढे अनेकदा उत्तर शोधलं. विचार एकच होता. हात तिचा असेल.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. दोनतीन फेऱ्या झाल्या असतील. आवाज आला, पाटीवर नख ओढल्यासारखा, बारीक. त्या दोघांना कळायच्या आधी मला कळला. मग घासणं थांबलं. मी पिठाच्या हाताने गॅलरीत गेले. बाबांनी काच उचलून दिव्यासमोर तिरपी धरली होती. बोटाएवढा लांब, स्वच्छ पांढरा चरा. ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, कॉलेजातून आल्यावर हात नीट धुतले नसतील, खडू असेल. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी तिला एक तरी बोल लावावा म्हणून.

त्यांनी काच खाली ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझं काही नाही, पोरी. मलाच आता दिसत नाही." मग पिंपावर पोतं टाकलं आणि आत येऊन पडले.

ते पोतं पुढे अडीच महिने तसंच राहिलं. बाबा गच्चीवर जाईनासे झाले. वही उशाखाली गेली. ती घरी आली की सरळ स्वयंपाकघरात यायची आणि माझ्या शेजारी भाजी चिरत बसायची. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. दुपारचे दोन ते चारही परत मोकळे होते. पण बाबा त्या वेळात भिंतीकडे तोंड करून झोपून असायचे.

एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. सकाळची नऊची वेळ असेल. पापड मांडता मांडता ती म्हणाली, "वहिनी, त्या चऱ्याचं मी एक पाहिलं. खडूने काच चरत नाही. आणि सहाशेच्या पुडीने एवढा रुंद चरा पडत नाही. मी भिंगाखाली मोजला. तो ऐंशीचा दाणा होता."

माझ्या हातातला पापड मोडला. मी विचारलं, "कधीपासून माहितीये तुला?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोडलेले तुकडे उचलून कडेला ठेवले आणि पुढचा पापड मांडला. अडीच महिने ती माझ्या शेजारी बसून भाजी चिरत होती, दोष स्वतःच्या अंगावर ठेवून. मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. त्या क्षणी मला तिच्या ह्या मोठेपणाचाच हेवा वाटला. हेही तिच्याकडे आहे, असं वाटलं.

त्याच दुपारी मी बाबांच्या खाटेशी जाऊन बसले आणि म्हटलं, "ऐंशीची पूड मी घातली होती वाटीत."

ते उठून बसले. म्हणाले, "हातातून सांडली का?"

वाट त्यांनी करून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, "नाही. घातली."

"का गं?"

तोंडातून निघालं ते असं, "तुम्ही मला दुपारी हाक मारायचं सोडलंत."

ते उठले, फडताळावरचे पुडीचे सगळे डबे एकेक करून खाली काढले, आपल्या ट्रंकेत ठेवले आणि ट्रंकेला कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली. घरात माझ्यापासून काही कुलपात ठेवण्याची ती पहिली वेळ. चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. घरात कुणाला सांगितलंही नाही. पाचव्या दिवशी दुपारी दोनला पोतं झटकल्याचा आवाज आला. मी दारात गेले. त्यांनी एकशेवीसचा डबा बाहेर काढला होता. म्हणाले, "पाणी आण. एकशेवीसपासून परत घासावं लागणार."

मग अख्खा पावसाळा काम चाललं. दुपारी मी, संध्याकाळी ती. हे त्यांनीच ठरवून दिलं. पूड मात्र ते स्वतः मोजून द्यायचे आणि उरलेली परत ट्रंकेत. त्यांच्या डोळ्यांना आता जवळजवळ काही दिसत नव्हतं, त्यामुळे आवाजावर भिस्त वाढली. संध्याकाळीही मला स्वयंपाकघरातून हाक यायची, "मोठी, झालं का गं?" मी तिथूनच सांगायचे. एकदा जावेने विचारलं, "कसं कळतं तुम्हाला? मला काहीच फरक ऐकू येत नाही." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं ते." शब्द कुणाचे ते मला माहीत होतं. दोन दिवस मला त्याची गोडी लागून राहिली होती. तिसऱ्या दिवशी मी तिला पिंपाजवळ उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि शिकवायला सुरुवात केली. तिला शिकायला दिवाळी उजाडली. मला त्याचा आनंद झाला, तिला वेळ लागला ह्याचा.

थंडीत बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. तोवर आरशाला पॉलिश झालं होतं, नवऱ्याने कुठूनसा ॲल्युमिनियमचा थर चढवून आणला होता, आणि पत्रेवाल्याकडून नळी करून घेतली होती. जानेवारीत, जेवणाआधी, आम्ही सगळे गच्चीवर गेलो. जावेने मृगातल्या बाणाच्या तीन चांदण्या शोधल्या, नळी थोडी खाली आणली, भिंग पुढे-मागे केलं. मग बाबांनी चष्मा काढून डोळा लावला.

"दुधाचा हात पुसल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. जाऊ म्हणाली, तेच, त्यातच नवे तारे होतायत. बाबा डोळा न काढता म्हणाले, "म्हणजे बाळंतिणीची खोली." नवरा आणि दीर हसले. बाबा हसले नाहीत. ते इतका वेळ बघत राहिले की मृग सरकलं आणि तिला नळी पुन्हा लावावी लागली.

मग त्यांनी हाक मारली, "धाकटी, ये." मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते. तिने माझं मनगट धरून मला पुढे केलं आणि म्हणाली, "आधी वहिनी." मी डोळा लावला. डोळ्यांत पाणी आलेलं, मला नुसता उजेडाचा लोळ दिसला. "दिसलं" असं म्हणून मी बाजूला झाले. खरं काय दिसतं ते मी दुसऱ्या दिवशी बघितलं, तिला नळी लावायला सांगून, शांतपणे.

पुढच्या वर्षी दिराला दिंडोशीला खोली मिळाली आणि ती दोघं तिकडे गेली. बाबांनी दुर्बीण तिला दिली. गच्चीवर एकटीने ती मला लावता येत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं होतं, तरी मी आठवडाभर घुश्शात होते. बाबा कुठे राहणार असं दिराने विचारल्यावर मात्र ते म्हणाले, इथेच, आणि मला वाटलं, शेवटी जिंकले मी.

ती रविवारी यायची. बाबा तीनपासून धुतलेला शर्ट घालून गॅलरीत बसायचे, आणि त्यांना तसं बसलेलं बघून मला राग यायचा. त्याच रागात मी पोहे भिजवायचे, तिला आवडतात तसे भरपूर खोबरं घालून. कुणी विचारलं तर सांगायचे, बाबांसाठी करतेय.